फायरवॉल नंतर घ्या, आधी चाव्या मोजा

प्रश्न : उद्यमबागेत माझं बारकं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आणि वडिलांच्या वेळचे लेथ. हायड्रॉलिकचे पार्ट करून कोल्हापूर, पुण्याला पाठवतो. अनंत चतुर्दशीला दोन दिवस बंद ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी आलो तर हिशेबाची टॅली उघडेना. सगळ्या फायलींच्या नावापुढं अगम्य अक्षरं आणि डेस्कटॉपवर इंग्रजीत चिठ्ठी, की डेटा परत हवा असेल तर बिटकॉइनमध्ये पैसे भरा. बॅकअपचा पेनड्राइव्ह कायम मागं लावलेला असतो, त्याचीही तीच गत. कॉम्प्युटरवाला 'फॉरमॅट मारून सोडतो' म्हणाला आणि सी ड्राइव्ह मारून सोडला. डी ड्राइव्हवरचा डेटा तसाच बंद पडलाय. आता एक रिकव्हरीवाला सव्वा लाख मागतोय. दुसरा एक जण म्हणतोय, पंच्याऐंशी हजारांची फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवर पहारा देणारी पेटी, बसवा, परत कधी होणार नाही. घरून टॅली बघता यावं म्हणून दोन वर्षांपूर्वी स्टॅटिक आयपी घेतलाय, रिमोट टॅलीवाल्यानंच जोडून दिलं. पुतण्या म्हणतो अकौंटच्या मॅडमनी काहीतरी क्लिक केलं असणार. पण आमच्यासारख्या लहान माणसाकडं हे लोक येतात तरी कशाला? आणि पैसे घालू तर कुठं घालू?
– एक वर्कशॉपवाला, बेळगाव

उत्तर :

सव्वा लाख देऊ नका. पंच्याऐंशी हजारही आत्ताच देऊ नका. बंद पडलेल्या फायलींची डिस्क काढा, तिच्यावर तारीख लिहा आणि कपाटात ठेवून द्या. तिच्यावरचं काहीही पुसू नका. नवी डिस्क घालून काम सुरू करा.

पत्रात तुम्ही स्टॅटिक आयपीचं, म्हणजे इंटरनेटवरच्या कायमच्या पत्त्याचं, जाता जाता लिहिलंय, पण माझ्या मते सगळी गोम तिथंच आहे. घरून कॉम्प्युटर दिसावा म्हणून राउटरमध्ये ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडायचा आणि विंडोजचा रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून कॉम्प्युटर चालवायची सोय, थेट बाहेर मांडून ठेवायचा, हा आपल्याकडचा नेहमीचा जुगाड. पाच मिनिटांत होतो, फुकटात होतो आणि कुणालाच त्याची आठवण राहत नाही. सी ड्राइव्ह मारून सोडल्यामुळं कोण कधी आत आलं याची विंडोजमधली नोंद गेली, त्यामुळं शंभर टक्के खात्रीनं सांगता येणार नाही. पण पैज लावायची झाली तर मी याच दारावर लावीन.

आता 'आमच्याकडं कशाला' याचं उत्तर. तुमच्याकडं म्हणून कुणी आलंच नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्राम तयार केला. इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते, म्हणजे चारशे कोटींच्या आसपास, त्यांनी एका साध्या कॉम्प्युटरवरून पाऊण तासात चाळून दाखवले. अमुक एक पोर्ट कुणाकुणाकडं उघडा आहे, एवढंच बघायचं. संशोधकांनी ते अभ्यासासाठी केलं, पण चोरांच्या हातातही तसलीच साधनं आहेत आणि ती रात्रंदिवस चालू असतात. त्यांना उद्यमबाग माहीत नाही, तुमची उलाढाल माहीत नाही. दार दिसलं की पुढचा प्रोग्राम पासवर्डांची यादी घेऊन एकेक लावत बसतो. वर्कशॉपचं नाव आणि पुढं १२३, किंवा तुमचाच मोबाईल नंबर, असला पासवर्ड असेल तर त्याला फार वेळ लागत नाही. माणूस येतो तो आत शिरल्यावर, काय सापडलं आणि किती मागावं ते बघायला. आणि असली कामं बहुधा सुट्टी साधून होतात. विसर्जनाला सगळं बेळगाव रस्त्यावर, वर्कशॉप बंद आणि कॉम्प्युटर मात्र चालू.

म्हणूनच मॅडमना काही बोलला असाल तर ते मागं घ्या. त्या त्या दिवशी कामावरच नव्हत्या. आधी एखादी वाईट फाईल उघडली गेली असेल, हे अशक्य नाही. पण घराकडून रस्ता उघडा असताना पहिलं बोट कामाच्या माणसाकडं दाखवणं बरं नाही. त्यात तुमचाच तोटा आहे. पुढं कधी खरंच चुकीची लिंक दाबली गेली तर त्या लगेच येऊन सांगतील की संध्याकाळपर्यंत गप्प बसतील, हे आज तुम्ही त्यांच्याशी कसं बोलता यावर ठरतं. लगेच कळलं तर लॅनची वायर उपसून निम्मं नुकसान वाचतं. पुतण्यालाही हे सांगा.

वर्कशॉपच्या शटरच्या चाव्या किती आणि कुणाकडं, हे तुम्ही झोपेतून उठवलं तरी सांगाल. कॉम्प्युटरच्या सांगा बघू. टॅलीवाल्याकडं एक. जीएसटीचं बघणाऱ्या कन्सल्टंटकडं एनीडेस्क या दुरून कॉम्प्युटर चालवायच्या प्रोग्रामचा कायमचा पासवर्ड, म्हणजे समोर कुणी 'होय' म्हणायची गरज नाही, वाटेल तेव्हा आत. मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून जोडून गेला, त्यानं काय ठेवलं काय काढलं, कुणी बघितलं नाही. सीसीटीव्हीवाल्यानं मोबाईलवर कॅमेरा दिसावा म्हणून राउटरमध्ये आणखी एक पोर्ट उघडला आणि कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरचा पासवर्ड कंपनीतून आला तोच ठेवला. मिराई नावाच्या प्रोग्रामनं २०१६ मध्ये जगभरचे असलेच कॅमेरे आणि डीव्हीआर, कंपनीचे तयार पासवर्ड लावून, लाखांनी ताब्यात घेतले होते. शिवाय मागच्या वर्षी काम सोडून मच्छेला गेलेला पोरगा असेल, त्याला जीमेलचा पासवर्ड पाठ आहे. ही सगळी भली माणसं आहेत, त्यांच्यावर माझा संशय नाही. पण त्यांच्यातल्या एकाचा कॉम्प्युटर चोराच्या हाती गेला की तुमचीही चावी त्याच्या हातात गेली.

एक दुपार बसून ही यादी कागदावर काढा. राउटरच्या पानावर पोर्ट फॉरवर्डिंग नावाचं कलम असतं, त्यातलं सगळं काढून टाका. राउटरचा पासवर्ड बदला. इंटरनेटवाल्याला सांगून स्टॅटिक आयपी बंद करा, नाहीतरी त्याचे जास्तीचे पैसे जातातच. एनीडेस्कचा कायमचा पासवर्ड काढा. ज्याला काम असेल त्यानं फोन करावा, मॅडमनी समोर बसून परवानगी द्यावी, काम झालं की बंद. कन्सल्टंट कुरकुरतील. कुरकुरू देत की. तुम्हाला घरी बसून येणं-देणंच बघायचं असतं ना? टॅलीप्राइमचं टीएसएस, म्हणजे टॅलीची वर्गणी, चालू असेल तर ब्राउझरमध्ये नुसते रिपोर्ट बघायची सोय त्यातच आहे, अख्खा कॉम्प्युटर उघडा टाकायची गरज नाही. आणि रोज बसायचं खातं ॲडमिनिस्ट्रेटरचं नको, साधं करून घ्या.

नवीन विंडोज घालताना ११ घाला, पैसे देऊन घ्या. १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. क्रॅक केलेलं विंडोज, क्रॅक केलेलं कॅड यांबद्दल मी प्रवचन देणार नाही. एवढंच बघा, की क्रॅक घालणारा पहिलं काम अँटिव्हायरस बंद करायचं करतो. अस्सल विंडोजमध्ये डिफेंडर हा अँटिव्हायरस फुकट येतो आणि तुमच्या कामाला तो पुरतो. मशीनला जोडलेला जुना कॉम्प्युटर असेल, त्याच्यावर नवीन विंडोज चालणार नाही. त्याला इंटरनेटच देऊ नका. त्याच्यासाठी एक पेनड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यावर रंगाचा ठिपका द्या.

आता बॅकअप. खर्च करायचा तो खरं म्हणजे इथं. कायम लावून ठेवलेला पेनड्राइव्ह हा बॅकअप नव्हे, ती त्याच कॉम्प्युटरची आणखी एक खोली. चोर आत आला की तिथंही जाणारच. दोन एक्स्टर्नल डिस्क घ्या. एक या शनिवारी, दुसरी पुढच्या शनिवारी. लावायची, कॉपी करायची, काढायची आणि घरी न्यायची. घरी म्हणजे घरीच, टेबलाच्या खणात नव्हे. वर्कशॉपात कधीही दोन्ही एकदम असता कामा नयेत. टॅलीच्या डेटा फोल्डरमध्ये १००००, १०००१ असल्या नंबरांचे फोल्डर असतात, त्यातला एकेक फोल्डर म्हणजे तुमची एकेक कंपनी. ते सगळे घ्या. ड्रॉइंगं घ्या. आणि सीएनसीचे प्रोग्राम आणि पॅरामीटर, म्हणजे मशीनच्या सेटिंगाही घ्या, हे हटकून राहतं. पॅरामीटर कंट्रोलच्या मेमरीत बॅटरीवर जिवंत असतात. चोर नाही आला तरी एक दिवस बॅटरी दगा देते, तेव्हा सर्व्हिसवाल्याची वाट बघत मशीन उभी राहते.

घेतलेला बॅकअप उघडतो का, हे कुणी बघत नाही. अमावस्येला तुम्ही मशीनला नारळ फोडता. त्याच दिवशी डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, कंपनी उघडा आणि कालचं शेवटचं बिल दिसतंय का ते बघा. दिसलं तर नारळ फोडा. खंडेनवमीला आपण कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू लावतो, झेंडू घालतो, आणि त्याच मॉनिटरला पासवर्डाची चिठ्ठी चिकटवलेली असते. फुलं राहू द्या, चिठ्ठी काढा.

गेलेल्या डेटाचं काय? तुम्हाला वाटतं तेवढं गेलेलं नाही. जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-१ मध्ये तुमची नोंदणीकृत गिऱ्हाइकांची विक्री बिलवार आहे, २बी मध्ये खरेदी आहे. ई-वे बिलं त्यांच्या पोर्टलवर आहेत. बँकेचं स्टेटमेंट आहे. गिऱ्हाइकांना मेल केलेली बिलं 'सेंट'मध्ये पडलीत. कन्सल्टंटकडं मार्चअखेरीची टॅलीची कॉपी बहुतेक असणारच, तिच्यावर पुढचे महिने चढवायचे. ड्रॉइंगं गिऱ्हाइकाकडून परत मागा, त्यात कमीपणा नाही. गूगल ड्राइव्हला फोल्डर जोडलेला असेल तर लगेच बघा. बंद पडलेल्या फाईलवर राइट क्लिक करून जुन्या आवृत्त्या बघायची सोय आहे, पण त्या साधारण ३० दिवसच राहतात. मॅडमना पंधरा-वीस दिवस जादा बसावं लागेल. त्याचा ओव्हरटाइम सव्वा लाखाच्या पुढं जाणार नाही.

रिकव्हरीवाल्याबद्दल स्पष्ट लिहितो. हल्लीच्या खंडणीच्या प्रोग्रामांचं कुलूप नीट घातलेलं असेल तर ते बाहेरच्या कुणालाही तोडता येत नाही. 'आम्ही खोलतो' म्हणणाऱ्यांतल्या काहींनी परदेशात गुपचूप चोरालाच पैसे भरून चावी घेतल्याचं आणि गिऱ्हाइकाकडून वर आपला नफा काढल्याचं उघड झालंय. तुमचा माणूस तसाच असेल असं मी म्हणत नाही. पण आधी दोन फायली खोलून दाखव म्हणा, आणि काम झालं तरच पैसे हे लिहून मागा. बघा काय म्हणतो. थेट चोराला भरायचे तर चावी मिळेलच याची हमी नाही, आणि भरणारा गडी म्हणून तुमचं नाव त्यांच्या वहीत चढतं. काही प्रोग्रामांची चावी मात्र फुकट मिळते. युरोपोल आणि डच पोलिसांनी काही कंपन्यांबरोबर २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट सुरू केली. चोराची चिठ्ठी आणि एक-दोन बंद फायली तिथं घातल्या की तो कुठला प्रोग्राम आणि त्याची चावी निघाली आहे का, ते कळतं. आज नसली तरी वर्षा-दोन वर्षांत टोळी पकडली गेली की कधीकधी चाव्या बाहेर येतात. ती डिस्क कपाटात ठेवा म्हटलं ते यासाठी.

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही, पण मला तिचीच जास्त काळजी आहे. चोर दोन दिवस तुमच्या कॉम्प्युटरवर होता. मेल उघडा असणार. म्हणजे कोल्हापूरच्या कुठल्या गिऱ्हाइकाकडून किती येणं आहे, बिल कसं लिहिता, शेवटी 'आपला विश्वासू' लिहिता की नुसतं नाव, हे सगळं त्यानं वाचलं असू शकतं. पुढची खेळी ठरलेली असते. तुमच्या नावानं गिऱ्हाइकाला मेल जातो, 'ऑडिटमुळं जुनं खातं बंद आहे, या खात्यावर भरा'. मेलचा पत्ता हुबेहूब, फक्त इंग्रजी एमच्या जागी आर आणि एन शेजारी-शेजारी. घाईत कुणाला दिसतंय? एनईएफटीत बँक नाव जुळवत बसत नाही, खाते नंबरावर पैसे टाकते. १ एप्रिल २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या सांगण्यावरून एनईएफटी-आरटीजीएसला पैसे पाठवायच्या आधी खातेदाराचं नाव बघायची सोय बँकांनी दिलीय, ती वापरा असं गिऱ्हाइकाला सांगा.

मेलचा पासवर्ड आजच बदला, तोही मोबाईलवरून, आणि टू-स्टेप, म्हणजे पासवर्डानंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू करा. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. तुमचे मेल दुसऱ्या पत्त्यावर जायची सोय चोर तिथं करून ठेवतात आणि पासवर्ड बदलला तरी ती चालूच राहते. मग मोठ्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करा. मेल नको, फोन. 'आमच्याकडं असं झालंय, आमचं खातं बदललेलं नाही, बदललं तर मी स्वतः याच नंबरावरून सांगेन.' लाज वाटेल. पण अडीच लाखाचं बिल भलत्याच खात्यावर गेल्यावर, ते तुमचं बुडालं की त्यांचं, यावरून वीस वर्षांचे संबंध तुटतात. हेच वाक्य बिलाच्या तळाशी छापून टाका. आणि तुमच्या लोखंडवाल्याचा किंवा टूलवाल्याचा खातं बदलल्याचा मेल आला तर तुम्हीही तसंच, जुन्या नंबरावर फोन करून विचारल्याशिवाय रुपया हलवायचा नाही.

पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. बँकेच्या मॅनेजरला, मेव्हण्याला, कॉम्प्युटरवाल्याला मागाहून. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, ते मधे कुठंतरी अडवायचे तर पहिला तासच कामाचा. तुमचे पैसे गेले नाहीत, तरी राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार घाला आणि तिची प्रत घेऊन सायबर गुन्ह्यांच्या (सीईएन) पोलीस ठाण्यात जा. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार कळल्यापासून ६ तासांत त्यांनाही कळवायचं असतं. वेळ टळून गेली म्हणून गप्प बसू नका, आता कळवा.

आपल्या भागात आणखी एक प्रश्न हमखास येतो. वर्कशॉप बेळगावात, गिऱ्हाईक कोल्हापूरजवळच्या शिरोलीत, पैसे गेले तिसऱ्याच राज्यातल्या खात्यावर, मग ठाणं कुठलं? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठंही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. 'तिकडं जा' म्हणाले तर नम्रपणे या कलमाची आठवण करून द्या. तोंडी फिर्याद कन्नडमध्ये लिहून घेतली तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, आणि प्रतही फुकट मिळते. काय झालं ते तारीख-वेळेसह अर्ध्या पानात आधीच लिहून न्या. कन्नड लिहिणारा शेजारी बरोबर असला तर काम लवकर होतं. ठाण्यात भाषेचा वाद घालायची ही वेळ नव्हे, तिथं तारखा आणि खाते नंबर बिनचूक उतरले पाहिजेत.

पोरांच्या मोबाईलबद्दल थोडक्यात. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून आलेल्या फाईलच्या नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नव्हे, मोबाईलमध्ये ॲप घालणारी फाईल आहे, दाबायची नाही. 'हेस्कॉममधून बोलतोय, आज रात्री करंट तोडणार' असल्या फोनला उत्तर द्यायचं नाही, बिल बघायचं. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. वर्कशॉपचा कॉम्प्युटर आणि पोरांचे मोबाईल एकाच वायफायवर नकोत, राउटरमध्ये गेस्ट म्हणून वेगळं वायफाय निघतं, ते त्यांना द्या.

राहता राहिली फायरवॉल. ती वाईट वस्तू नाही. पण तुमच्याकडं कॉम्प्युटर दोन-तीन, आणि पोर्ट उघडा ठेवायचाच असेल तर फायरवॉलवालाही तो पोर्ट उघडूनच देणार आहे. उद्या कॉम्प्युटर आठ-दहा झाले, किंवा एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकानं ऑडिटमध्ये विचारलं, तेव्हा जरूर घ्या. त्या माणसाला आत्ता एवढंच विचारा, की पहिल्या वर्षानंतर दर वर्षी लायसन्सचे किती लागतील, ते भरले नाहीत तर काय काय बंद पडेल, आणि महिन्यातून एकदा तिच्यातल्या नोंदी कोण वाचणार. तिसऱ्या प्रश्नाला 'ते ऑटोमॅटिक आहे' असं उत्तर आलं तर त्याला चहा पाजा आणि दोन डिस्क आणायला पुतण्याला बाजारात पाठवा.